दिव्यांगांच्या दारी संगणकयुग



छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाचे नाव मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही? १८५७ च्या उठावात येथील छावणीतील बंडखोर शिपायांना ज्या ठिकाणी देहदंड देण्यात आला, तो काळा चबुतरा याच चौकातला. २०२२ साली छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा याच चौकात नव्याने उभा राहिला. एखाद्या वर्गास आपले गाऱ्हाणे सरकारदरबारी मांडावयाचे असले, तर तो मोर्चा बहुधा येथूनच निघतो. २०१६ साली ९ ऑगस्ट रोजी निघालेल्या पहिल्या मराठा क्रांती मोर्चाची सुरुवातही येथूनच झाली होती. हक्क मागण्याची जागा म्हणून या चौकाची ओळख दृढ झाली आहे.

परंतु या चौकात येणाऱ्यांपैकी प्रत्येकालाच मोर्चा काढता येत नाही. कित्येकांना तर चौक ओलांडणे हाच मोठा उद्योग होऊन बसतो. जालना रस्त्यावरून अखंड धावणारी वाहने, डोक्यावरून गेलेला उड्डाणपूल, त्याखाली घुमणारे भोंग्यांचे आवाज, या सर्वांतून पांढरी काठी हाती घेतलेल्या माणसाने वाट काढावयाची ती केवळ कानांच्या आधारावर. अशा वेळी कोणी तरी पुढे होते, कोपराला धरते आणि पलीकडे नेऊन सोडते. आपल्या समाजात एवढे सौजन्य अजून शिल्लक आहे, ही समाधानाची बाब होय.

आता याच गृहस्थाने रस्ता ओलांडून बँकेच्या एटीएम यंत्रापुढे उभे राहावे. यंत्राला आवाज नाही, कळांवर उठावाची खूण नाही. मदतीस येणारा हात येथेही मिळेल. पण त्या हातास खात्याचा गुप्त क्रमांक सांगावा लागेल. रस्ता ओलांडताना माणूस केवळ आपला कोपर दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. येथे मात्र त्याला आपली शिल्लक, आपली सही आणि आपला विश्वास, सारेच स्वाधीन करावे लागते. तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचा प्रश्न नेमका येथून सुरू होतो. दिव्यांग व्यक्तीस मदत मिळते किंवा नाही, एवढ्यापुरता तो मर्यादित नाही. जे काम इतर नागरिक कोणाच्याही मदतीवाचून, कोणालाही न सांगता करतात, ते तिलाही तसेच करता यावे की नाही, असा तो प्रश्न आहे.

या बाबतीत काहीच घडले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रिझर्व्ह बँकेने २००९ साली बँकांना सूचना दिली की, नव्याने बसविण्यात येणाऱ्या एटीएम यंत्रांपैकी किमान एकतृतीयांश यंत्रे बोलणारी आणि ब्रेल कळा असलेली असावीत. बोलणारे पहिले यंत्र २०१२ साली युनियन बँकेने अहमदाबादेत सुरू केले, आणि १ जुलै २०१४ पासून बसविले जाणारे प्रत्येक नवे यंत्र तसेच असावे, असा दंडक घालण्यात आला. कानाला श्रवणिका लावली की यंत्र हळू आवाजात पुढची पायरी सांगते. खात्याचे गुपित खातेदारापाशीच राहते.

चलनी नोटांची हकीकत मात्र अधिक बोधप्रद आहे. २०१६ पूर्वीच्या नोटांची लांबी ठरविताना अंधांची सोय पाहिलेली होती. शंभराची नोट १५७ मिलिमीटर, पाचशेची १६७, हजाराची १७७. प्रत्येक पायरीला दहा मिलिमीटरचा फरक असल्यामुळे अंध माणूस बोटांच्या पेरांवर नोट मोजून ती ओळखीत असे. ही विद्या कोणत्याही शाळेत शिकविली जात नव्हती; वर्षानुवर्षांच्या सवयीने ती बोटांत उतरली होती. नोटाबंदीनंतर नव्या मालिकेच्या नोटा आल्या. शंभराची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. फरक उरला अवघा चार मिलिमीटरचा, आणि रुंदी तर तिन्हींची एकच! उठावाच्या खुणा नोटेवर आहेत, पण नोट चार हातांतून फिरून मळली की त्या बोटांना लागेनाशा होतात. बसच्या वाहकाने दिलेले सुटे पैसे किंवा भाजीवालीने परत केलेली नोट पुन्हा दुसऱ्याला दाखवून घेण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांच्या दृष्टीने ही सहा मिलिमीटरांची काटकसर फार महागात पडली.

मुंबईतील राष्ट्रीय अंध संघटना, म्हणजे १९५२ साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. पुढे १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने 'मनी' नावाचे उपयोजन उपलब्ध करून दिले. भ्रमणध्वनीचा कॅमेरा नोटेवर धरला की ती किती रुपयांची, हे ते बोलून सांगते, आणि त्यासाठी इंटरनेटचीही गरज पडत नाही. उपाय उपयुक्त आहे, यात शंका नाही. तथापि दहा रुपयांची नोट ओळखण्यासाठी काही हजारांचा भ्रमणध्वनी खिशात असावा लागतो, ही त्यातली मेख आहे. आराखडा करतानाच ज्याची आठवण ठेवली असती तर काम फुकटात झाले असते, ते मागाहून जोडताना किती खर्च येतो आणि तो कोणाच्या खिशातून जातो, याचा हा धडा प्रत्येक नव्या यंत्रणेच्या उभारणीत ध्यानी ठेवण्याजोगा आहे.

संगणकाच्या बाबतीत अंध व्यक्तीचा मुख्य आधार म्हणजे स्क्रीन रीडर. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी ही आज्ञावली असते. पूर्वी ती विकत घ्यावी लागे आणि तिची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. २००६ साली ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी 'एनव्हीडीए' नावाचा विनामूल्य स्क्रीन रीडर तयार करण्यास आरंभ केला. आज तो मराठीही वाचतो. अँड्रॉइड भ्रमणध्वनीत तर 'टॉकबॅक' ही सोय मुळातच दिलेली असते. तेव्हा साधन नाही, अशी तक्रार आता फारशी उरलेली नाही. साधनाला वाचता येईल असा मजकूर त्याच्यापुढे ठेवला जातो काय, ही खरी अडचण आहे. या ठिकाणी मराठीची एक खास व्यथा सांगणे आवश्यक आहे.

शासकीय कचेऱ्यांत मराठी टंकलेखन संगणकावर आले, तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे टंक आले. कृतिदेव हा त्यांपैकी सर्वपरिचित. या टंकांमध्ये मराठी अक्षर हे केवळ डोळ्यांपुरते मराठी असते. संगणकाच्या पोटात ते इंग्रजीच असते. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द उमटतो खरा, पण यंत्राच्या लेखी तो 'ई, जे, के, बी, एच' या पाच इंग्रजी अक्षरांचा पुंजका असतो. डोळस वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. स्क्रीन रीडर मात्र जे पोटात आहे तेच वाचणार. एखाद्या अंध शिक्षकाने आपल्या बदलीचे परिपत्रक उघडावे आणि यंत्राने त्याला पानभर इंग्रजी अक्षरांचा खडखडाट ऐकवावा, हे त्यामुळेच घडते. यावरचा उपाय जुना आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ पासूनच देवनागरीला जागा मिळालेली आहे. युनिकोडमध्ये टंकलिखित केलेला मराठी मजकूर कोणताही संगणक मराठी म्हणूनच ओळखतो, शोधतो आणि वाचतो. आपल्या 'वाऱ्यावर', 'दऱ्या' यांतील अर्ध्या रकारासही त्यात स्थान आहे.

युनिकोड आले तरी दुसरे विघ्न उभेच आहे. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित होतो, त्याची छापील प्रत काढली जाते, त्यावर सही-शिक्का होतो, मग ती प्रत स्कॅन होते आणि संकेतस्थळावर चढते. जो मजकूर वाचण्यायोग्य होता, त्याचे अशा रीतीने छायाचित्र होऊन बसते. स्क्रीन रीडर ते उघडतो आणि गप्प राहतो. कधी पान थोडे तिरके असते, कधी शिक्का नेमका तारखेवर बसलेला असतो. मग डोळसांनाही डोळे बारीक करावे लागतात. वास्तविक शासन निर्णय डिजिटल स्वाक्षरीसह, मजकुराच्या रूपात प्रसिद्ध करण्याची पद्धत राज्यात रूढ झालेली आहे आणि ती अनुकरणीय आहे. तालुका व ग्रामपंचायत पातळीवरची पत्रे, याद्या आणि सूचना मात्र अद्याप छायाचित्रांच्याच रूपाने गटागटांतून फिरतात. घरकुलांच्या यादीत आपले नाव आहे किंवा नाही, हे पाहण्यासाठी अंध लाभार्थीस शेजाऱ्याच्या मुलाला हाक मारावी लागते: "बाळा, जरा बघ रे, आमचं नाव लागलंय का?" बाळ घरी नसला, तर यादी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबते.

अर्ज भरण्याची कथा याहून निराळी नाही. क्रांती चौकासारख्या ठिकाणी वैजापूर, कन्नड, सिल्लोड, पैठण येथून मुले येतात ती शिक्षणासाठी आणि नोकरीच्या अर्जांसाठी. त्यांतील अंध उमेदवार अर्ज स्वतः भरू पाहतो तेव्हा यंत्र त्याला ऐकविते, 'बटण, बटण, बटण'. कारण बटणावर चित्र आहे, पण त्या चित्राला नाव दिलेले नाही. आवश्यक रकाने लाल रंगात दाखविलेले असतात. लाल रंग कानाला ऐकू येत नाही आणि रंगांधळ्यास दिसत नाही. मग येतात वेडीवाकडी अक्षरे. आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी ती ओळखावी लागतात. माणूसपणाची ही परीक्षा अंध माणूस नापास होतो, हा विनोद म्हणावा तर कटू आहे. ती पार पडलीच, तर भ्रमणध्वनीवर आलेला संकेतांक ऐकून तो टाकेपर्यंत मुदत संपते आणि अर्ज पुन्हा पहिल्या पानावर जातो. ज्याचे हात थरथरतात, ज्याला माउस धरता येत नाही, जो केवळ कळफलकावर किंवा एका बोटाने काम करतो, त्याचीही हीच गत होते. हे सर्व दोष दूर करण्यास फार मोठा खर्च लागतो असे नाही. चित्राला नाव देणे, रकान्यापुढे 'आवश्यक' असे लिहिणे, वेळ वाढवून मागण्याची सोय ठेवणे, एवढेच करावयाचे असते. पण आज्ञावली लिहिणाऱ्याच्या खोलीत असा एकही वापरकर्ता बसलेला नसतो, म्हणून हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

या उदासीनतेचे सर्वांत बोलके उदाहरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले. बँकेत खाते उघडताना किंवा दूरध्वनीची जोडणी घेताना ग्राहकाची ओळख आता कॅमेऱ्यापुढे पटवून घेतली जाते, आणि समोरची व्यक्ती जिवंत आहे हे कळावे म्हणून तिला पापणी मिटण्यास सांगितले जाते. ॲसिडहल्ल्यात ज्यांचे डोळे आणि चेहरा होरपळला, त्या स्त्रियांनी पापणी कशी मिटावी? ज्याला पडदा दिसत नाही, त्या अंधाने आपला चेहरा चौकटीत कसा बसवावा? अशा दोन याचिका एकत्र ऐकून न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने ३० एप्रिल २०२५ रोजी 'प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि वीस निर्देश दिले. पापणी मिटण्यास पर्याय असावा, कागदावरून ओळख पटविण्याची पद्धत चालू ठेवावी, अंगठ्याचा ठसा मान्य करावा, संकेतस्थळांची ठरावीक काळाने तपासणी व्हावी आणि नवी यंत्रणा सुरू करण्यापूर्वी अंध व्यक्तींकडून ती वापरून पाहावी, असा त्यांचा आशय आहे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे.

ग्रामीण भागात तर अडचणीचा चेहरा आणखी बदलतो. शिधावाटप दुकानातील यंत्रावर बोट ठेवावयाचे असते. पण आयुष्यभर खुरपे आणि पाटी धरलेल्या हातांच्या रेषा पुसट झालेल्या असतात. कुष्ठरोगाने ज्यांची बोटे झडली, त्यांनी काय ठेवावे? ठसे देता येत नसल्यास केवळ डोळ्यांच्या बुबुळावरून आणि तेही शक्य नसल्यास त्यांच्यावाचूनही आधार नोंदणी करता येते, अशी तरतूद आहे. ही तरतूद शिधादुकानापुढच्या रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीला कोणी सांगितलेली नसते, आणि पुष्कळदा दुकानदारालाही नसते.

कर्णबधिरांविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण त्यांची अडचण दिसत नाही. मजकूर लिहिलेला असला की कर्णबधिराचे भागते, अशी समजूत आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाची पहिली भाषा बहुधा हातांची असते. भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण मराठीहून सर्वस्वी वेगळे आहे, आणि लिहिलेली मराठी त्याला परभाषेसारखी शिकावी लागते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेले भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र या क्षेत्रात काम करीत आहेत. अशा नागरिकास 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' या वाक्यातून आपले अनुदान मंजूर झाले की नामंजूर, हे कसे उमगावे? खरे सांगावयाचे तर ते इतरांनाही सहजासहजी उमगत नाही. 'अधिक माहितीसाठी दूरध्वनी करा' ही ओळ तर कर्णबधिरासाठी बंद दारासारखीच. तिच्याखाली संदेश पाठविण्यासाठी एक क्रमांक दिला, तर दार किलकिले होते.

कायद्याची बाजू भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते; नव्या कायद्यात ते एकवीस झाले. त्याच्या कलम ४२ नुसार ध्वनी, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात मिळाला पाहिजे आणि नित्याच्या वापरातील उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेची असली पाहिजेत. शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, आणि माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानकही तयार झाले आहे. असे असूनही २००५ पासून चाललेल्या राजीव रतुरी यांच्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयास असे म्हणावे लागले की, सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे मूळ कायद्याशी विसंगत आहे. काही किमान नियम सक्तीचे असलेच पाहिजेत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. ती नोंद जुन्या, आखूड यादीवरून झालेली आहे, हे विसरता येत नाही. शिवाय वयोमानाने ज्यांची दृष्टी मंदावली आणि कान जड झाले, पण ज्यांनी स्वतःला कधी दिव्यांग म्हणवून घेतले नाही, असे निवृत्तिवेतनधारक घरोघरी आहेतच.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला. ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो, हे सभागृहातील सरपंचांना सांगावयास नको. हा निधी वर्षाअखेर घाईघाईने वस्तू वाटून संपविण्याची प्रथा काही ठिकाणी पडली आहे. वस्तूंची गरज नाही असे कोण म्हणेल? पण एखाद्या गावी त्याच निधीतून अंध विद्यार्थ्यास श्रवणिका आणि भ्रमणध्वनी मिळाला आणि शाळेतल्या शिक्षकाने तो वापरावयास शिकविला, तर त्या मुलाचा पुढचा प्रत्येक अर्ज त्याच्याच हातांनी भरला जाईल.

शिक्षकांसाठी आणि कार्यालयातील सहकाऱ्यांसाठी एक प्रयोग सुचविण्याजोगा आहे. त्याला निधी लागत नाही आणि मंजुरीही लागत नाही. आपल्याच भ्रमणध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन टॉकबॅक सुरू करावे. ते बंद कसे करावयाचे, हे मात्र आधी शिकून ठेवावे. नाही तर फोन हातात घेऊन गावभर फिरण्याची वेळ येते. बहुतेक फोनांत आवाजाच्या दोन्ही कळा तीन सेकंद एकत्र दाबून धरल्या की काम होते. टॉकबॅक चालू असताना एकदा स्पर्श केला की फोन नाव सांगतो आणि दोनदा केला की ते उघडतो. मग डोळे मिटावेत आणि गेल्या महिन्यात आपण स्वतः काढलेले एखादे परिपत्रक उघडावे. ज्या ठिकाणी फोन बोलायचा थांबेल, तेथे बोट ठेवून डोळे उघडावेत. तेथे बहुधा एखादा स्कॅन केलेला कागद, नाव नसलेले बटण किंवा जुना टंक सापडेल. दुसऱ्या दिवशी कार्यालयात आल्यावर पहिले काम त्याचे असावे, आणि दुरुस्त झालेली प्रत गावातल्या एखाद्या अंध माणसाच्या फोनवर पाठवून, त्याला ती वाचता आली काय, हे त्यालाच विचारावे.